परवानगीच्या अर्जात भरती-ओहोटीचा रकाना नसतो

किनाऱ्यावर लोकांना घेऊन कार्यक्रम करायचा ठरवलं की सगळे एकच काळजी व्यक्त करतात: माणसं येतील का? माणसं येतात. समुद्रासाठी लोक भल्या पहाटे उठून येतात, लहान मुलांना घेऊन येतात. आमचं घोडं अडलं ते तारखेवर, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या कार्यक्रमाचे दोन भाग होते. आधी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर फेरी, मग सफाई. क्रम मुद्दाम असा ठेवला होता. डबक्यातला फुलासारखा प्राणी सावली पडताच आक्रसून घेतो, रिकामा वाटलेला शंख अचानक पाय काढून चालू लागतो, हे ज्याने वाकून पाहिलं तो नंतर बाटलीचं एक झाकणसुद्धा वाळूत सोडत नाही. पण हे सगळं दिसायला पाणी चांगलं मागे हटलेलं हवं. म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, सकाळची मोठी ओहोटी जुळून आली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. वेळापत्रक पाहून अर्ज भरला, नकाशा जोडला, प्रथमोपचाराची सोय लिहिली. तिथवर काहीच त्रास झाला नाही.

मग कार्यालयातून उत्तर आलं: त्या दिवशी किनाऱ्यावर दुसरा कार्यक्रम आहे, तुम्हाला पुढचा शनिवार दिला आहे.

मी तातडीने गेलो. टेबलावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आठवड्याने काय फरक पडतो? समुद्र कुठे जातोय?’’

फरक पडतो, आणि फार पडतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या शनिवारी ज्या वेळी ओहोटी असते, त्याच वेळी पुढच्या शनिवारी भरती असते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा ओहोटीलाही ते फारसं हटत नाही. कार्यालयाने दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळी, आम्ही ज्या खडकांवर मुलांना नेणार होतो ते पाण्याखाली असणार होते.

हे मी सांगितलं. ‘‘मग दुपारी घ्या,’’ असं उत्तर मिळालं. परवानगी मात्र सकाळचीच होती, वेळ बदलायला नवा अर्ज लागणार होता, आणि नव्या अर्जाची मुदत संपलेली होती. त्यातच कळलं की भरतीच्या कमाल रेषेच्या वरचा भाग या कार्यालयाकडे असला, तरी खालचा दुसऱ्याकडे आहे. सफाई वरही होणार होती आणि खालीही. दोन्हीकडच्या खेपा सुरू झाल्या. प्रत्येक टेबलावर मी तेच सांगत होतो, समोरची व्यक्ती सौजन्याने ऐकत होती, आणि शेवटी अर्जातल्या रकान्याकडे बोट दाखवत होती. तिथे तारीख लिहायला जागा आहे, पाण्याची पातळी लिहायला नाही. किनाऱ्यासाठीच असलेल्या अर्जात ती नसावी, हे मला आजही पटत नाही.

मार्ग निघाला तो एका कागदामुळे. मी दोन आठवड्यांच्या भरती-ओहोटीची एकच वक्ररेषा काढली, मागितलेली वेळ हिरव्या आणि दिलेली वेळ लाल पट्टीने दाखवली. लाल पट्टी बरोबर शिखरावर येत होती. वरच्या अधिकाऱ्यांनी पूर्वी बंदरावर काम केलेलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, रेषेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘पंधरवड्याने चालेल का?’’ चालणारच होतं! चौदा-पंधरा दिवसांनी पुन्हा उधाण येतं आणि ओहोटीही जवळपास त्याच वेळेला असते. त्यांनी तिथेच शेरा लिहिला, दुसऱ्या कार्यालयालाही फोन केला. त्या क्षणी जे हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून पहिला सल्ला: अर्जात पर्यायी तारीख स्वतःच लिहा, आणि ती आठवड्याने नव्हे, पंधरवड्याने पुढची लिहा. वक्ररेषेचा कागद पहिल्याच दिवशी जोडा. ८ जूनच्या जागतिक महासागर दिनालाही हेच लागू आहे. २००९ पासून तो संयुक्त राष्ट्रांतर्फे साजरा होतो, पण चंद्र काही ८ जून पाहून फिरत नाही. त्या दिवशी पाणी वर असेल तर खडकांची फेरी ठेवू नका, वाळूवरचा कार्यक्रम करा.

प्रत्यक्ष दिवस उत्तम गेला. खडकांवर उलटलेला प्रत्येक दगड पुन्हा होता तसाच ठेवायचा, हे मुलांनी मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळलं. लाटांनी आणून टाकलेलं समुद्री शेवाळ उचलू नका. त्यात बारीक जीव राहतात आणि त्यांवर पक्षी जगतात. वाळूत रुतलेलं जाळं जोर लावून ओढू नका, उघडा भाग कापून घ्या. सुया आणि काचांसाठी जाड भिंतीचा, झाकणाचा डबा वेगळा ठेवा. गोण्या अर्ध्याच भरा, ओल्या वाळूमुळे त्या उचलवत नाहीत.

आणि मोजा. आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छतेची मोहीम १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली तेव्हापासून सापडलेली प्रत्येक वस्तू नोंदवणं हाच तिचा गाभा आहे. जगभरच्या नोंदींत सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होती, हे कळलं ते लोकांनी वाळूत बसून मोजल्यामुळे. चौघांच्या गटात एकाने फक्त लिहायचं. आमच्याकडे हे काम एका आजींनी मागून घेतलं आणि एकही थोटूक नोंदीतून सुटू दिलं नाही.

कचरा कोण, कधी नेणार हे लेखी घ्या, तेही परवानगीसोबतच. गाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल तर ढीग भरतीच्या कमाल रेषेच्या बराच वर लावा. ती रेषा शोधायला यंत्र लागत नाही, वाळलेल्या शेवाळाचा सगळ्यात वरचा पट्टा पाहा. आमची गाडी उशिरा आली, मधे रात्रीची भरती येऊन गेली, पण एकही गोणी परत पाण्यात गेली नाही.