किंग स्ट्रीटवरचं दगडांचं वर्तुळ

लेकीकडे बॉस्टनला जायचं ठरलं तेव्हाच तिला सांगून ठेवलं होतं, बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल, पण ओल्ड स्टेट हाउससाठी मला अख्खा दिवस हवा. तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली. ज्या हक्कांच्या जोरावर अशिलांसाठी भांडलो, त्यांतल्या काहींवरून इथे अडीचशे वर्षांपूर्वी गाव पेटलं होतं.

१७१३ सालची ही लाल विटांची इमारत उंच टॉवरांच्या मधोमध एवढीशी दिसते. ब्रिटिशांच्या काळात मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा कारभार इथून चालायचा. माथ्यावर ब्रिटिश राजचिन्हातले सिंह आणि युनिकॉर्न. मूळचे १७७६ साली लोकांनी उतरवून जाळले, आत्ताचे नंतर बसवलेले.

वरच्या मजल्यावर कौन्सिल चेंबर आहे. तिथे मी बराच वेळ थांबलो. फेब्रुवारी १७६१ मध्ये याच दालनात जेम्स ओटिसने पाच तास युक्तिवाद केला. जकात अधिकाऱ्यांना दिलेल्या सरसकट झडतीच्या परवान्यांवर ना घरमालकाचं नाव असायचं, ना जागेचं. कुठल्याही घरात दिवसाढवळ्या शिरावं. व्यापारी काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, मळीची चोरटी आयात सर्रास चालायची. पण ओटिसने सरकारी पद सोडलं, फी नाकारली आणि इंग्लंडचाच कायदा न्यायाधीशांसमोर ठेवला: माणसाचं घर हा त्याचा किल्ला आहे. झडतीच्या पंचनाम्यावर उलटतपासणी घेताना माझे पहिले प्रश्न हेच असायचे, वॉरंट कुणाच्या नावाचं, जागा कोणती लिहिलीय? अंगावर काटा आला.

ओटिस हरला. पण ऐकणाऱ्यांत पंचवीस वर्षांचा वकील जॉन अ‍ॅडम्स होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याने मसुदा लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या संविधानात बेकायदा झडतीविरुद्ध कलम आलं, आणि १७९१ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीत. आठवी दुरुस्ती तर इंग्लंडच्या १६८९ च्या बिल ऑफ राइट्समधून जवळजवळ शब्दशः उचललेली: जामीन अवाच्या सवा नको, दंड बेसुमार नको, शिक्षा क्रूर नको. या लोकांचं भांडण इंग्रजी कायद्याशी नव्हतंच. तो आम्हालाही लावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मानली नाही म्हणून राज्य गेलं, असं मला ठामपणे वाटतं.

खाली बाल्कनीसमोर फरशीत दगडांचं एक वर्तुळ बसवलंय. रस्त्याचं तेव्हाचं नाव किंग स्ट्रीट. ५ मार्च १७७० च्या रात्री जमावाने ब्रिटिश पहारेकऱ्याला घेरलं, बर्फाचे गोळे फेकले. मदतीला आलेल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. क्रिस्पस अटक्स या खलाशासह पाच जण गेले. सैनिकांना वकील मिळेना. अ‍ॅडम्सने वकीलपत्र घेतलं. त्याच्या जोडीला जोसाया क्विन्सी होता, आणि समोर सरकारी वकील म्हणून जोसायाचा सख्खा भाऊ सॅम्युएल! सैनिकांच्या खटल्यातल्या ज्युरीत बॉस्टनचा एकही माणूस नव्हता. (१९०८ ला मुंबईत टिळकांसमोर बसलेल्या नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन होते. ज्युरीची पद्धत तीच, इंग्रजी.) सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन वेगळ्या खटल्यात सुटला, आठ सैनिकांपैकी सहा सुटले. दोघांवर फक्त सदोष मनुष्यवध शाबीत झाला. धर्मगुरूंसाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी सवलतीचा आधार घेऊन त्यांची शिक्षा अंगठ्यावर डाग देण्यावर निभावली. ही सवलत एकदाच मिळे, त्याची ती खूण.

ज्यांच्या सत्तेविरुद्ध गाव उठलंय, त्यांच्याच शिपायांसाठी त्याच गावातला वकील उभा राहतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याहून मला हे मोठं वाटतं. मनासारखा वकील देण्याचा आरोपीचा हक्क आपल्या संविधानाच्या कलम २२ मध्येही आहे.

"बाबा, तुम्ही घेतलं असतं का हो ते वकीलपत्र?" लेकीने विचारलं.

लगेच उत्तर देता आलं नाही. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एका मुलीच्या खुनानंतर वकिलांच्या बैठकीत ठराव झाला होता, आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. मी हात वर केला होता. आरोपीची म्हातारी आई आठवडाभर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून असायची, आणि मी मागच्या दाराने जायचो.

हे मी लेकीला तिथेच, त्या वर्तुळाशी उभा राहून सांगितलं.