सीएमई तालुक्याला घ्या, आणि सिस्टरना बोलवा

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे साप-विंचवाच्या केसेस वाढतात आणि दरवर्षी मनात तेच येतं, यंदा लिहूनच टाकतो. डॉक्टरांचं पुढचं शिक्षण, म्हणजे सीएमई, जिथे पेशंट येतो तिथेच झालं पाहिजे आणि नाईट ड्युटी करणारी सिस्टर त्यात पुढच्या रांगेत बसलेली पाहिजे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं तर सीएमईचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. नियम चांगलाच आहे, कारण डिग्रीनंतर माणूस तीस-पस्तीस वर्षं प्रॅक्टिस करतो आणि तेवढ्या काळात औषधं कुठच्या कुठे जातात. पण लेक्चर्स बहुतेक मोठ्या शहरात, हॉटेलच्या हॉलमध्ये, विषय स्टेंट नाहीतर नवीन इन्सुलिन. तेही हवंच हो, पण पीएचसीला, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, एकटा असलेला एमओ (मेडिकल ऑफिसर) तिकडे जाणार कसा? सिस्टरला तर कुणी विचारतच नाही.

नवीन माहिती गावात पोचली की काय होतं ते कोकणानं बघितलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत आले तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जायची. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या, १९८२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन ही बीपीची साधी स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवलं. सुमारे ४० टक्के मृत्यू १ टक्क्यावर आले. पण त्यासाठी गोळी वेळेत द्यायला हवी, म्हणजे पेशंटला पहिल्यांदा बघणाऱ्याला चिन्हं ओळखता यायला हवीत: दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय थंडगार. दुखत फारसं नाही म्हणून घरी पाठवायचं नाही, उलट दुखणं कमी आणि हात गार असेल तर जास्त लक्ष द्यायचं.

सापाचंही तसंच. २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट घ्या. २ मिली रक्त, नवी कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, २० मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लावायचं. एवढंच. पण प्लास्टिकची नळी घेतली किंवा साबणानं धुतलेली काचेची घेतली तर चांगल्या माणसाचं रक्तही गोठत नाही, कारण गोठायला सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते, आणि मग गरज नसताना एएसव्ही जातं. हे स्लाइडवर वाचून डोक्यात राहत नाही, नळी हातात धरावी लागते.

एएसव्हीआधी थोडंसं टोचून बघायची, म्हणजे टेस्ट डोस द्यायची पद्धत केव्हाच बाद झालीय, रिॲक्शन येईल की नाही ते त्यावरून कळत नाही आणि वेळ जातो तो वेगळाच, त्यापेक्षा रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवायचं. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच, साप काही मूल बघून विष कमी टोचत नाही. आणि मण्यार! जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, अंगावर दाताची खूण दिसत नाही, ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवला की तासाभरात पापण्या मिटायला लागतात. पहाटे पोटदुखी आली की ‘काल खाली झोपला होतात का?’ हा प्रश्न सिस्टरच्या तोंडी बसला तरी एक जीव वाचेल.

नुसत्या लेक्चरनं डॉक्टरची सवय फारशी बदलत नाही, हातानं करून घेतलं आणि काही दिवसांनी परत विचारलं की बदलते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अजून एक फुकटातलं शिक्षण आहे जे आपण घेतच नाही. पीएचसीतून रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते जिल्ह्याच्या डॉक्टरनं खालच्या एमओला फोन करून सांगायचं: निदान बरोबर होतं का, ॲम्ब्युलन्समध्ये बसवण्याआधी अजून काय देता आलं असतं. पाच मिनिटांचा फोन, पण ती केस तो एमओ जन्मात विसरणार नाही.

तेव्हा आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या तालुका शाखांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सरांना मनापासून विनंती, मे महिन्यात अर्धा दिवस काढून ग्रामीण रुग्णालयात या. प्रोजेक्टर नसला तरी चालेल. काचेच्या नळ्या, एएसव्हीची रिकामी वायल आणि प्राझोसिनची स्ट्रिप आणा, आणि वेळ ड्युटी बदलायच्या सुमाराला ठेवा म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर येऊ शकतील.