धडधड आधी, भीती नंतर

आज जुनी मेडिकल फाईल चाळत बसले होते आणि प्रत्येक दुसऱ्या कागदावर तेच, अ‍ॅन्झायटी, अ‍ॅन्झायटी, स्ट्रेस कमी करा, झोप नीट घ्या. वाचून परत तोच राग आला म्हणून लिहून काढतेय.

माझी धडधड एकदम सुरू व्हायची, बसल्या जागी, काही कारण नसताना, कधी तर शांतपणे वाचत असताना, आणि थांबायचीही एकदम, बटण बंद केल्यासारखी. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं, मग ईसीजी नॉर्मलच येणार ना! धडधड चालू नसताना काढलेल्या ईसीजीत ती बहुतेक वेळा दिसत नाही, पण नॉर्मल ईसीजी म्हणजे हृदयाचं काही नाही आणि हृदयाचं नाही म्हणजे मनाचं, असा सरळ हिशोब. आणि एकदा ते कागदावर आलं की पुढचा डॉक्टर आधी कागद वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा.

मी घाबरायचे हे खरंच आहे. छातीत इतकं जोरात चालू असताना कोण घाबरणार नाही? पण धडधड आधी यायची आणि भीती नंतर, हा क्रम मी सांगत राहिले आणि तो कुणी लिहून घेतला नाही.

शेवटी एका डॉक्टर मॅडमनी विचारलं, हळूहळू वाढते की एकदम सुरू होते, आणि थांबते कशी? इतका साधा प्रश्न. २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीत, काही सापडलं नाही तरी त्यांनी विषय सोडला नाही, जास्त दिवस लावायचा रेकॉर्डर दिला आणि त्यात सापडलं, एसव्हीटी, म्हणजे ठोके अचानक खूप वेगाने पडायला लागतात तो हृदयाचा आजार. त्यात बहुतेक वेळा हृदयात विजेच्या सिग्नलला एक जादाची वाट असते आणि तो तिथे गोल गोल फिरत राहतो. कॅथेटर अ‍ॅब्लेशन करून, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, ती वाट बंद केली. अ‍ॅन्झायटीच्या गोळीने ती कशी बंद होणार होती?

नंतर वाचलं की १९९७ च्या एका अभ्यासात अशा १०७ पेशंटपैकी ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याच्या आजाराच्या, निकषांत चक्क बसत होती, आणि निम्म्याहून जास्त जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. आजार हृदयाचा, लक्षणं पॅनिकसारखी. थायरॉईड वाढलं तरी हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबराघुबरा होतो, आणि डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकातसुद्धा स्पष्ट आहे की त्रास थायरॉईडसारख्या शारीरिक कारणामुळे असेल तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणायचं नाही. म्हणजे आधी ते बघायला हवं! पॉट्स नावाच्या, उभं राहिल्यावर धडधड होण्याच्या आजारात, मोठ्या माणसांची उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत पल्स ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते, बीपी तसं पडत नाही, पण झोपवून आणि मग उभं करून मोजल्याशिवाय हे कळणार कसं.

अ‍ॅन्झायटी खरा आजार आहे, तिचा त्रासही खरा, आणि ज्यांना ती आहे त्यांनाही नीट तपासून, नीट विचारून झालेलं निदान मिळायला हवं, दुसरं काही सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं नको. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो हे मला कळतं, पण "अजून कारण सापडलेलं नाही" म्हणायला किती वेळ लागतो?

ज्यांचं आत्ता असं चाललंय त्यांनी सुरू झालं की वेळ लिहा, पल्स मोजा, त्याआधी काय करत होता ते लिहा, कसं थांबलं ते लिहा. आणि समोर बसून सरळ विचारा, अ‍ॅन्झायटी आहे हे कशावरून ठरवलं, आणि बाकी काय काय तपासून झालंय. जमलं तर बरोबर कुणाला तरी घेऊन जा. आणि या प्रश्नांवर डॉक्टर चिडले तर दुसरे डॉक्टर बघा.