पिकअपचं पासिंग अडलं एका अक्षरावर

पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी म्हटलं की आपल्याकडे सगळे ब्रेक, टायर आणि चमकणारी टेप एवढंच बोलतात. माझी गाडी यातल्या कशावरच अडली नाही. अडली ती चेसिस नंबरावर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर, तेही सतरापैकी दहाव्या अक्षरावर. ब्रेकचा ट्रॅक दोन मिनिटांत झाला. या एका अक्षराने सव्वा महिना खाल्ला.

गाडी २०१६ ची पिकअप, रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या भाड्याला. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ सरळ आहे: फिटनेस नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. म्हणून ‘दोन दिवस उशीर झाला तर काय होतं’ या भ्रमात राहू नका. उशिराला दिवसामागे ५० रुपये जादा शुल्क नियमात आहेच, पण खरा धोका त्या दोन दिवसांत अपघात झाला तर आहे.

ऑनलाइन भाग सोपा. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाका, चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका, मोबाइलवर ओटीपी येतो, फी भरा, तारीख घ्या. मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्या. विमा, पीयूसी, टॅक्स, पर्यावरण कर यातलं काही संपलेलं असेल तर आधी ते भरा, मगच अर्जाला बसा. इथपर्यंत एजंटची काहीच गरज नाही.

त्या शेवटच्या पाच आकड्यांकडे मात्र नीट बघा. पोर्टल तेवढेच पाच विचारतं. आपण ते आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बघून टाकतो, पोर्टल ते स्वतःच्या नोंदीशी जुळवतं, म्हणजे नोंदीची गाठ नोंदीशीच. आधीची बारा अक्षरं तिथे कोणी विचारत नाही. प्रत्यक्ष लोखंडावर काय ठोकलंय ते पहिल्यांदा बघितलं जातं तपासणीच्या दिवशी, निरीक्षक साहेब खाली वाकतात तेव्हा.

साहेब वाकले आणि म्हणाले, “भाऊ, नंबर दिसत नाही. साफ करून आना.”

नंबर दिसत नव्हता याला दोन कारणं. पहिलं केळी. घड हौद्यात रचताना खाली-वर ओली पानं घालतात, ताज्या कापलेल्या दांड्यांतून चीक गळतो, पाणी आणि चीक हौद्याच्या फटींतून थेट चेसिसच्या लांब दांडीवर उतरतो. त्यावर शेतरस्त्याची धूळ बसली की काळा थर तयार होतो आणि त्याखाली गंज चालू राहतो. आतून पाण्याचा फवारा मारला तरी हा थर निघत नाही. माझ्या गाडीचा नंबर उजव्या दांडीवर चाकाच्या कमानीजवळ आहे, म्हणजे चाकाचा चिखलही तिथेच.

दुसरं कारण जास्त चीड आणणारं. पासिंगला गाडी चांगली दिसावी म्हणून वॉशिंग सेंटरवाल्याने चेसिसला खालून काळा कोट मारला होता. हौसेने, न विचारता. डांबरासारखा जाड कोट, आणि नंबरही त्याखाली गेला. पासिंगच्या आधी चेसिस रंगवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. रंगवायचीच असेल तर नंबराच्या जागेवर आधी मास्किंग टेप लावा, रंग झाल्यावर काढा. दहा रुपयांचं काम आहे.

साफसफाई कशी करायची हे कार्यालयात कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ग्राइंडर, छिन्नी, खरखरीत एमरी यातलं काहीही नंबराजवळ नेऊ नका. गॅरेजवाल्याने पहिलं वाक्य हेच सांगितलं: “भो, ग्राइंडरले हात लावू नको.” ठोकलेली अक्षरं जेमतेम नखाला जाणवण्याइतकी खोल असतात. ग्राइंडर एकदा फिरला की अक्षर उथळ होतं आणि आजूबाजूला घासल्याच्या चकचकीत रेघा उमटतात. मग गाडी ‘नंबर दिसत नाही’ या खान्यातून ‘नंबराशी छेडछाड’ या खान्यात जाते, आणि तिथून परत यायला पोलीस, कंपनी, सगळेच लागतात.

काळा कोट असेल तर कापडाचा बोळा थिनरमध्ये भिजवून नंबरावर पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा. कोट मऊ पडतो, मग पुसायचा. दोन-तीनदा करावं लागतं. सावलीत करा, आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात थिनर लावताक्षणी उडून जातं. इंजिन गार हवं आणि जवळ बिडी-काडी नको. कोट गेला की गंज. त्याला डिझेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं. लोखंडी तारेचा ब्रश ओरखडे पाडतो. शेवटी बारीक वॉटर पेपर, तोही फक्त अक्षरांच्या ओळीच्या दिशेने, चार-पाच हात. कोरडं पुसून खडूची पूड चोळायची आणि वरून कापड फिरवायचं. पूड अक्षरांच्या खाचेत राहते, पांढरी अक्षरं उठून दिसतात.

मग पातळ कागद ठेवून मऊ शिसाच्या पेन्सिलने आडवं घासून छाप घ्या. दोन-तीन छाप घरी ठेवा, आणि मोबाइलवर एका बाजूने टॉर्च तिरका धरून फोटो काढा. समोरून उजेड मारला तर अक्षरं सपाट दिसतात.

इथपर्यंत सगळं छान. दुसऱ्या फेरीला नंबर लख्ख दिसत होता, आणि नंबर लख्ख दिसत होता म्हणूनच गाडी पुन्हा अडली.

आरसीवर दहाव्या जागी इंग्रजी सहाचा आकडा होता. चेसिसवर त्या जागी इंग्रजी ‘जी’ होता. आधीच्या वर्षांत ‘जी’चं तोंड गंजाने बुजलेलं, त्यामुळे तो सहासारखाच दिसत होता, शिवाय शेवटचे पाच आकडे जुळले की पुढे कोणी बघतही नसावं. आता निरीक्षक मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो चढवतात, म्हणून बघावं लागतं. साहेबांनी छाप आणि आरसी शेजारी ठेवून बोट ठेवलं आणि फाइल परत दिली. त्यांचं चुकलं नाही. चुकलं होतं त्याचं, ज्याने नोंदणीच्या वेळी ‘जी’ला सहा टाइप केलं, आणि तो माणूस हेलपाट्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही.

दुरुस्तीचा अर्ज करा, म्हणाले. कुठल्या खिडकीवर, ते दोन खिडक्यांनी वेगवेगळं सांगितलं. एकीने सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. दुसरीने सांगितलं, बँकेची ना हरकत आणा. कर्ज फिटून बोजा उतरवलेला आहे हे आरसीवर दिसत असतानाही! कागदांची यादी भिंतीवर नाही, लेखी कोणी देत नाही, आणि प्रत्येक खेपेला एक कागद वाढतो. इथे मी एकच गोष्ट बरोबर केली: अर्ज दोन प्रतींत नेला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. आवक क्रमांक असला की पुढच्या खेपेला ‘अर्जच आला नाही’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

अर्जाला वजन आलं ते त्या अक्षरामुळेच. सतरा अक्षरांच्या नंबरात दहावी जागा बऱ्याच कंपन्या वर्षासाठी वापरतात. २०१० ला ‘ए’, ११ ला ‘बी’, असं मोजत गेलं की २०१६ ला ‘जी’ येतो. सहाचा आकडा आला तर तो २००६ होतो. म्हणजे नोंदीतली गाडी, नंबर खरा मानला, तर २००६ ची. आणि त्याच नोंदीत उत्पादन वर्ष २०१६. नोंद स्वतःशीच भांडत होती. हे एका ओळीत अर्जात लिहिलं, खाली पेन्सिलची छाप चिकटवली, केबिनमध्ये रिव्हेट मारलेल्या कंपनीच्या पाटीचा फोटो जोडला (तिथेही ‘जी’च होता), आणि गाडी घेतानाचे कागद लावले: बिल, नमुना २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ म्हणजे कंपनीचं रस्त्यालायक असल्याचं प्रमाणपत्र. त्या दोन्ही नमुन्यांवर नंबर बरोबर होता. हे कागद सापडले म्हणून काम झालं. तुमचे कुठे आहेत ते आजच बघा, बहुतेकांचे शोरूमच्या प्लास्टिक पिशवीत पलंगाखाली असतात.

अशा नंबरात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. तुमच्या आरसीवर ‘ओ’ दिसत असेल तर चेसिस न बघताच समजा की टायपिंग चुकलंय. बाकी घोळाच्या जोड्या: आठ आणि ‘बी’, पाच आणि ‘एस’, दोन आणि ‘झेड’. पासिंगच्या महिनाभर आधी आरसी हातात घेऊन गाडीखाली जा आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचून जुळवा, दुसऱ्याला आरसी वाचायला लावून.

निरीक्षकाचा अहवाल झाला, साहेबांची सही झाली, मग नोंद बदलली. आरसी बदलली तरी काम संपत नाही. विम्याच्या पॉलिसीवर जुनाच चुकीचा नंबर असतो, कारण विमावाल्यानेही आरसीवरूनच उतरवलेला. विमा कंपनीकडून दुरुस्ती करून घ्या. हे राहिलं तर फिटनेस मिळेल, पण दाव्याच्या वेळी सर्व्हेअर तेच अक्षर काढून बसेल.

मधल्या काळात मुदत संपली होती, गाडी उभी. रिकामी गाडी कार्यालयापर्यंत नेतानासुद्धा तारखेचा कागद आणि फीची पावती जवळ ठेवली.

आता बाकीचं, आठवेल तसं. माझी गाडी बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाची जुनी श्रेणी) आहे, तिची पीयूसी सहाच महिन्यांची. बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षाची. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस-४ ला ५०. मशीनवर न्यायच्या आधी एअर फिल्टर झटका आणि गाडी वीस मिनिटं पळवून इंजिन गरम करा. गार इंजिन जास्त धूर मारतं.

टेप: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. नुसती टेप चालत नाही, मान्यताप्राप्त कंपनीची लागते आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. सकाळी लावा. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर टेपखाली फुगे धरतात आणि केळीच्या चिकाचा ओशटपणा राहिला असेल तर पहिल्या पावसात कडा सुटतात. आधी साबण, मग थिनरचं पोतेरं, मग टेप. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, तिच्याशिवाय पुढचं काम हलत नाही.

ब्रेकबद्दल एक गोष्ट पिकअपवाले विसरतात. भार जास्त घ्यायला मागच्या कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवतात. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो दांडीने ॲक्सलला जोडलेला. पाटा वाढला की गाडी मागून उंच राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कमी करतो. ट्रॅकवर मग पुढची चाकं घासतात आणि मागची नुसती फिरतात. पाटा काढा किंवा दांडी नव्याने जुळवून घ्या. आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल तर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. बहुधा एका बाजूचा व्हील सिलिंडर गळून लायनरला ऑइल लागलेलं असतं. लायनर धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो.

टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर तरी खोली हवी. खाचेतल्या लहान उंचवट्याला रबर टेकलं असेल तर टायर गेला समजा. स्टेपनीचाही बघतात. म्युझिकल हॉर्न आदल्या रात्री काढा, नंबर प्लेटवरचा दिवा लागतो का बघा, वायपर कोरडा नको.

तिसऱ्या फेरीला सगळं मिळून वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा रांगेची. फिटनेस त्याच संध्याकाळी पोर्टलवर आलं. नंबरावर आता ग्रीसचा पातळ हात देऊन वर ट्यूबचा तुकडा बांधलाय, केळीचा हंगाम संपला की सोडून बघायचा. आणि हो, पासिंगला जाताना सोबत कापड आणि टॉर्च न्या. धुळीच्या रस्त्याने कार्यालयापर्यंत पोहोचेतो तो नंबर पुन्हा झाकलेला असतो.