‘स्क्रॅप’ या शब्दाचे ऋण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा इंग्रजीच्या एका तासाविषयीच लिहायचे मी ठरवले, कारण त्या तासाला शिकलेला ‘स्क्रॅप’ हा शब्द आज माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

नववीत धडा शिकवताना हा शब्द आला आणि आम्ही सर्वांनी एका सुरात ‘भंगार’ असा अर्थ सांगितला. सरांनी तो चूक ठरवला नाही, पण धडा बाजूला ठेवून उरलेला सगळा तास त्या एका शब्दाला दिला. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात खरवडण्याशी जोडलेला आहे, हे सांगताना त्यांनी भाताच्या पातेल्याच्या तळाशी राहणाऱ्या खरवडीचा दाखला दिला. मग ‘ए स्क्रॅप’ म्हटले की कागदाचा किंवा कापडाचा तुकडा, ‘स्क्रॅप्स’ म्हटले की ताटात उरलेले अन्न आणि नुसते ‘स्क्रॅप’ म्हटले की मोडीत निघालेला धातू, असा एकवचन-अनेकवचनाने पडणारा फरक त्यांनी फळ्यावर वाक्ये लिहून दाखवला. पुराव्याचा लवलेशही नाही, हे सांगायलाही इंग्रजीत हाच शब्द येतो. क्रियापद म्हणून तो आखलेली योजना रद्द करतो. आणि बोलीभाषेत किरकोळ झटापटीलाही स्क्रॅप म्हणतात.

मला सर्वांत जास्त भावले ते इतिहासातील उदाहरण. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा करार १८३९ साली लंडनमध्ये झाला होता आणि त्यावर पुढे जर्मनीचा गाभा बनलेल्या प्रशिया राज्याचीही सही होती. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरल्यावर, इंग्लंड केवळ एका ‘स्क्रॅप ऑफ पेपर’साठी युद्धात उतरत आहे, असे उद्गार जर्मनीचे चॅन्सलर बेथमान-होल्वेग यांनी ब्रिटिश राजदूतापुढे काढले. पुढे ब्रिटनने त्याच शब्दांखाली कराराच्या सह्या व मोहरा छापून सैन्यभरतीची भित्तिपत्रके काढली. पहिले महायुद्ध आम्ही इतिहासात शिकलो होतो, पण एका साध्या शब्दात एवढा तुच्छतेचा भाव मावू शकतो, हे मला त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला उमगले.

पुढे २००४ साली ऑर्कुट हे समाजमाध्यम सुरू झाले. तिथे एकमेकांना लिहायच्या निरोपांनाही स्क्रॅप म्हणत असत, आणि ते २०१४ साली बंद होईपर्यंत आमच्या तुकडीतील पांगलेली मुले-मुली त्याच निरोपांतून पुन्हा एकमेकांना सापडली.

मी आता कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, काम करतो. तिथे या शब्दाला दोन अगदी वेगळे चेहरे आहेत. मशीनवर कातताना कास्टिंगमध्ये (साच्यात ओतून घडवलेल्या वस्तूत) ब्लो-होल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, निघाले, की ‘जॉब स्क्रॅप झाला’ असे म्हणतात आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. त्याच वेळी यार्डात ट्रक भरून येणारे स्क्रॅप मात्र आमचा कच्चा माल असते. पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड) आणि आधीच्या वितळणीचे रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेले जादा लोखंड) यांच्याबरोबर ते विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत जाते. ते निवडण्याचे काम फार जबाबदारीचे आहे. पावसाळ्यात ओला तुकडा वितळलेल्या लोखंडाखाली गेला, तर पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान दीड हजारपटींहून अधिक वाढते आणि तप्त धातू भट्टीबाहेर उसळतो, म्हणून आत पाणी किंवा द्रव अडकलेला असू शकतो असा दोन्ही टोके बंद असलेला पाइप किंवा जुना शॉक-अब्सॉर्बर आम्ही कापल्याशिवाय भट्टीत टाकायच्या मालात घालत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यातून पांढरा धूर उठतो. ग्रे आयर्नमध्ये (ओतकामाच्या एका नेहमीच्या लोखंडात) शिशाचा अगदी किंचित अंश गेला, तरी त्यातील ग्राफाइटची, म्हणजे कार्बनच्या कणांची, रचना बिघडून कास्टिंगची ताकद घटते. म्हणूनच आलेला माल हाताळणारी अनुभवी माणसे मला भट्टीवरच्या माणसांइतकीच मोलाची वाटतात, आणि त्यांच्या कामाला ‘भंगार वेचणे’ म्हटलेले मला आजही सहन होत नाही.

शाळेच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी एकदा फौंड्री पाहायला आणावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. यार्डातील निवडीपासून साच्यात लोखंड ओतण्यापर्यंत सारे काही मी स्वतः सोबत राहून दाखवीन.