फेसने तोंडाला फेस आणला: ब्लूमिंग्टनच्या नकाशाची पुढची खबर

मंडळी, नकाशा अखेर हलला. पण ज्या दिशेला हलेल असं मागच्या खेपेला छातीठोकपणे सांगितलं होतं, तिकडे नाही.

नव्याने आलेल्यांसाठी एका ओळीत: इंडोनेशियन लेखक बुदी दार्मांच्या ‘ओरांग-ओरांग ब्लूमिंग्टन’ (ब्लूमिंग्टनची माणसं) या संग्रहातल्या साती कथा एकाच कागदावर बसवायच्या, असा बेत होता. लेखक जावातल्या रेम्बांगचा, नोकरी होती सुराबायाच्या अध्यापन महाविद्यालयात, आणि कथा मात्र घडतात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन शहरात, जिथे तो सत्तरच्या दशकात शिकायला गेला होता. विद्यापीठाचा परिसर, मोठे रस्ते, ट्युलिप ट्री ही उंच इमारत, हे सगळं ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून बिनबोभाट उतरलं. अडलं ते पहिल्याच कथेतल्या फेस रस्त्यावर.

कथेत हा रस्ता आखूड आहे आणि त्यावर घरं तीनच. मिसेस मॅकमिलन, मिसेस नोलन, मिसेस कॅस्पर, तिघी एकट्या. निवेदक मॅकमिलनबाईंच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहतो आणि खिडकीतून बाकी दोन घरांवर नजर ठेवतो. एक दिवस समोरच्या पोटमाळ्यावर एक म्हातारा दिसू लागतो, हातात पिस्तूल. पुढचं सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचा.

तर फेस ॲव्हेन्यू ब्लूमिंग्टनमध्ये खरोखर आहे. फक्त तिथे घराला घर लागलेलं आहे. तीन घरं त्यात ठेवायची कुठे? आधी रस्त्याचा एक तुकडा कोपऱ्यात चौकट करून मोठा काढला. मग तीन घरं ठळक आणि बाकीची ठिपक्यांनी पुसट काढली. ते तर आणखीच वाईट दिसलं. ही कथा अंगावर येते ती हाकेच्या अंतरावर चौथं माणूस नाही म्हणून. ओळीने घरं मांडली की पिस्तुलाचा धाकच संपला. ट्रेसिंगचा दुसरा थर करून खरा रस्ता खाली आणि कथेतला वर, असंही करून पाहिलं. पण पावसाळी हवेत ट्रेसिंग पेपर असा लाटा मारतो की खालच्या रेषा वरच्या रेषांखाली राहतच नाहीत. मिसेस कॅस्परचं छप्पर सरळ रस्त्यात. (हातकागदाचं विचारू नका. ‘शाई फुटणार नाही’ असं दुकानदाराने शपथेवर सांगितलेला कागद ०.१च्या पेनालाही मिशा फोडतो. साधा जाड कार्ट्रिज कागद बरा, स्वस्त आणि प्रामाणिक.)

गाडं सुटलं ते भलत्याच बाजूने. बुदी दार्मांनी १९८० साली इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली ती जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतली पात्रं आणि नैतिक निवाडा या विषयावर. हा कथासंग्रहही १९८०चाच. आणि ऑस्टिनने १८१४ साली लेखिका होऊ पाहणाऱ्या भाचीला पत्रातून दिलेला सल्ला आठवा: खेड्यातली तीन-चार कुटुंबं घे, तेवढं पुरे. मी खुर्चीतून उठलोच! फेसवरची तीन घरं नगरपालिकेच्या दप्तरात शोधायची नव्हतीच. ऑस्टिनबाईंचं खेडं घेऊन या गृहस्थाने त्यातली एकमेकांकडची ये-जा, नाच, चहापाणी सगळं काढून टाकलं आणि खिडक्या तेवढ्या ठेवल्या. हे सिद्ध करता येणार नाही, ठाऊक आहे. नकाशाला सिद्धतेची गरज नाही.

म्हणून फेसपुरता वरून पाहिलेला नकाशा रद्द. आता तीन घरं समोरून काढली आहेत, पोटमाळ्यांसकट, आणि रस्त्याऐवजी नजरेच्या रेषा आखल्या आहेत: कोण कोणाला कुठल्या खिडकीतून बघतं. लाल शाई बघणाऱ्याची. टेलिफोनसाठी तुटक रेषा, कारण निवेदक भेटण्याआधी फोन फिरवतो. मॅकमिलनबाईंच्या खिडकीतून निघालेल्या लाल रेषांची जुडी झाली आहे आणि उलट दिशेला जवळजवळ काही नाही. त्या पानावर मी जाम खूश आहे.

हे लिहितानाच डोक्यात आलं की साती कथा एका कागदावर कशाला? सगळ्यांचे निवेदक बिननावाचे ‘मी’, सगळे टपून बसलेले. प्रत्येकाला स्वतंत्र पान द्यावं आणि मध्ये शहराचा साधा नकाशा घडी घालून. आणि मग त्यांचीच ‘ओलेन्का’ (१९८३) ही कादंबरी बाहेर का ठेवायची? तिची सुरुवातच ट्युलिप ट्रीच्या लिफ्टमध्ये आहे. लिफ्ट वरून दाखवणं म्हणजे एक चौकोन, बस. तिथे इमारतीचा उभा छेदच घ्यावा लागेल. कादंबरीत त्यांनी स्वतः वर्तमानपत्रांची कात्रणं आणि छायाचित्रं घातली आहेत, तेव्हा मलाही कात्रणं चिकटवायची मुभा आहे असं धरतो.

इंडोनेशियन अडत असेल तर कथासंग्रहाचा टिफनी त्साओंनी केलेला २०२२चा इंग्रजी अनुवाद घ्या, निवेदकाचा कोरडा, साळसूद स्वर त्यात शाबूत आहे.

उभ्या छेदासाठी मजल्यांची उंची हवी आहे. सत्तरच्या दशकातले ट्युलिप ट्रीचे बाहेरून काढलेले फोटो कोणाकडे असतील, विशेषतः तिकडे शिकून आलेल्या कोणाच्या घरच्या अल्बममध्ये, तर कळवा. बर्फातले असले तर फारच उत्तम.