पट्टी काय म्हणाली?

आठवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, "उद्या घरून चमचाचमचा हळद आणा." शाळेत आम्ल ओळखायच्या लिटमसच्या पट्ट्या मोजक्याच असायच्या. बाईंनी हळद कालवून टीपकागदाला लावली, वाळवली, पट्ट्या कापल्या आणि आख्खा वर्ग घेऊन गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर गेल्या.

चुलवणात चिपाड धडधडत होतं. घाण्यातून निघालेल्या ताज्या रसात मी पट्टी बुडवली. पिवळीच राहिली. "बाई, रस आम्ल नाही!" मी ओरडलो. बाई म्हणाल्या, "पट्टी काय म्हणाली? रस आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, नाही, एवढंच. पुढचं तू आपल्या मनाचं जोडलंस." आणि पदराच्या गाठीतून त्यांनी निळ्या लिटमसची एक पट्टी काढली. रस लागताच ती तांबूस झाली, म्हणजे रस आम्लच होता.

मग गुळव्यामामांकडून चुन्याची निवळी मागून घेतली. तिचा थेंब पडला तिथे हळद रक्तासारखी लाल झाली. वर लिंबू पिळलं, तर परत पिवळी. देव्हाऱ्यातलं कुंकू हळद-चुन्याचंच असतं हे आजीकडून ऐकलं होतं. त्यामागचं कारण त्या दिवशी कळलं.

मामा काहिलीत निवळी बेताने घालत होते. रसातलं आम्ल तसंच राहिलं तर उकळताना साखरेचे तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि गूळ चिकट होऊन ढेप बसत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो. मामांनी रसायनशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण आम्ल चुन्याने मारणं, म्हणजे उदासिनीकरण, आम्ही त्यांच्या हातून शिकलो.

पुढे बेळगावात कॉलेजला गेलो. शेजारी कन्नड माध्यमातून आलेला मित्र. मी क्षार, म्हणजे मिठासारखा पदार्थ, म्हणालो की तो अल्क, म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी, समजायचा, कारण कन्नडात क्षार म्हणजे अल्क आणि आपल्या क्षाराला लवण. आम्लारीला ते प्रत्याम्ल म्हणतात. आम्ल तेवढं दोघांचं एकच. आठवडाभर वाद घालून शेवटी आम्ही वहीत दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी लिहून काढले. ती वही दोघांनीही वापरली.

आज मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. ताज्या रसाचा सामू (pH), म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, पाच-साडेपाच, चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो सातच्या आसपास आणायचा. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. यंत्राने आकडा दाखवला आणि कुणी घाईने निष्कर्ष काढला, की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "पट्टी काय म्हणाली?" पोरांना वाटतं, साहेबांना यंत्राचं नाव आठवत नाही.